शेवटचं झाड कुठे थांबतं?

उत्तराखंडात चोपता नावाचं एक ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून साधारण २७०० मीटर उंचीवर. तिथून तुंगनाथच्या देवळाकडे दगड बसवलेली वाट चढत जाते. हा पंचकेदारांपैकी एक, त्यामुळे आपल्याकडचेही पुष्कळ यात्रेकरू आणि ट्रेकर या वाटेनं जातात. वाट जेमतेम चार किलोमीटरची, पण एवढ्याशा चालीत एक अजब गोष्ट घडते.

सुरुवातीला तुम्ही दाट जंगलात असता. खरसू नावाचे ओक, त्यांच्या फांद्यांवर लोंबणारं शेवाळ, मध्येच बुरांशची झाडं. एप्रिलच्या सुमारास गेलात तर बुरांश लालबुंद फुलांनी लगडलेला दिसेल. चढत राहा. झाडं हळूहळू बुटकी व्हायला लागतात. खोडं वाकतात. बर्फाच्या ओझ्यानं काही तर उताराच्या बाजूला जवळजवळ आडवी झालेली असतात. आणि ३३०० मीटरच्या आसपास एकदम लक्षात येतं की डोक्यावरची सावली गेली! पुढे झाडच नाही. देवळापर्यंत आणि त्याच्याही वर, ४००० मीटरवरच्या चंद्रशिलेपर्यंत गवत, खडक आणि आभाळ. या हिरव्या कुरणांना तिथले लोक बुग्याल म्हणतात.

आता सांगा, झाडांना इथेच थांबा असं कुणी सांगितलं? माती वरही आहे. पाऊस वरही पडतो. ऊन तर वर जास्तच कडक. मग जंगलाची कड इथेच का? या कडेला वृक्षरेषा म्हणतात. पृथ्वीवरच्या बहुतेक सगळ्या उंच पर्वतांवर ती असते.

थांबा, तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, आमच्या सह्याद्रीतही डोंगरमाथे बोडके असतात की! असतात. कासचं पठार आठवा. पण तिथे झाडं नाहीत त्याचं कारण थंडी नाही. खाली जांभा दगडाचं कातळ आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. मुळांना शिरायला जागाच नाही. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं, म्हणजे चोपत्यापेक्षाही कितीतरी खाली. थंडीनं आखलेली वृक्षरेषा पाहायला महाराष्ट्राबाहेरच जावं लागतं.

ही रेषा किती उंचीवर असते? जागोजागी वेगळी. बोलिव्हियातल्या सहामा ज्वालामुखीच्या उतारावर पॉलिलेपिस नावाची ठेंगणी झाडं सुमारे ५२०० मीटरपर्यंत पोचली आहेत. तिबेटात जुनिपर ४९०० मीटरवर उभे आहेत. आणि उत्तरेला स्वीडनमध्ये १००० मीटरवर पोचेपर्यंतच जंगल संपतं. उंचीमध्ये इतका फरक, मग यात नियम असा काही आहे की नाही?

आहे! स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाचे क्रिस्टियान कोर्नर यांनी तो शोधला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या चाळीसहून जास्त वृक्षरेषांवर झाडांखालच्या मातीत, दहा सेंटिमीटर खोल, तापमान नोंदणारी छोटी यंत्रं पुरून ठेवली. काही विषुववृत्ताजवळ, काही पार उत्तरेला. मग आकडे जुळवले. झाडं वाढण्याच्या महिन्यांतलं सरासरी तापमान सगळीकडे जवळजवळ सारखंच निघालं, सहा ते सात अंश सेल्सिअस. सहामा असो, आल्प्स असो की हिमालय. मला हा शोध फार आवडतो. झाडांच्या जाती वेगळ्या, खंड वेगळे, उंची वेगळी, आणि तरी सगळी झाडं एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात.

पण सहा अंशांवर असं काय बिघडतं? आपल्याला वाटेल, थंडीत पानांना अन्न तयार करता येत नसेल, बिचारं झाड उपाशी राहत असेल. गंमत अशी की तसं नाहीच. पाच अंशांवरसुद्धा पानं बऱ्यापैकी साखर बनवतात. वृक्षरेषेवरच्या झाडांचं लाकूड तपासलं तर त्यात साखर आणि पिठूळ पदार्थ भरपूर सापडतात. झाड उपाशी नाही, त्याची कोठारं भरलेली आहेत. अडतं ते पुढे. त्या साखरेपासून नवं लाकूड, नवी मुळं घडवायची तर पेशींनी विभागायला हवं, आणि पाच अंशांच्या खाली पेशी हे काम जवळजवळ बंदच करतात. घराच्या बांधकामावर विटा, वाळू, सिमेंट सगळं येऊन पडलंय, पण गवंडी गारठून हात खिशात घालून बसलाय, तशी ही अवस्था.

मग गवत आणि छोटी फुलझाडं त्याहून वर कशी जगतात? कारण ती जमिनीला चिकटून असतात. उन्हानं जमीन तापते आणि गवताच्या दाटीत ती ऊब टिकून राहते. झाड मात्र उंच होतं आणि वाऱ्यात सापडतं, त्यामुळे त्याच्या शेंड्याला हवेइतकंच गार राहावं लागतं. शिवाय आपल्याच सावलीनं ते आपल्या मुळांजवळची जमीन थंड करतं! शास्त्रज्ञांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी अशा उतारांची चित्रं घेतली आहेत. उन्हाच्या दिवशी त्यांत खालचं जंगल गार दिसतं आणि वरचं गवत ऊबदार. म्हणजे भर दुपारी तुम्ही जंगलातून बाहेर पडून वर बुग्यालात आलात, तर जमीन गार होण्याऐवजी जास्त गरम लागेल. म्हणूनच वृक्षरेषेच्या वरही कधीकधी झाडांची बोटभर रोपं गवतात सुखानं जगताना सापडतात. त्यांची पंचाईत होते ती गवताच्या वर डोकं काढल्यावर.

आता एक गणित करू. डोंगरावर दर १०० मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशानं गार होते. माणसानं कोळसा आणि तेल जाळल्यामुळे पृथ्वीची हवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा १.१ अंशाहून जास्त तापली आहे. मग सहा-सात अंशांची ती रेषा किती वर सरकली असेल? १.१ ला ०.६ नं भागा आणि १०० नं गुणा. उत्तर आलं, सुमारे १८० मीटर.

तर मग जंगलंही १८० मीटर वर चढली असतील, नाही का?

हे पाहण्यासाठी न्यूझीलंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या मेलनी हार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १६६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र केल्या. कुठल्या वृक्षरेषेचं १९०० सालानंतर काय झालं, ते त्यांनी पाहिलं आणि २००९ साली निष्कर्ष छापले. ५२ टक्के ठिकाणी झाडं पुढे सरकली होती. मागे हटलेली फक्त एक टक्का. आणि उरलेल्या ठिकाणी? जागच्या जागी! आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. जिथले हिवाळे उबदार झाले होते, तिथे झाडं पुढे सरकण्याची शक्यता जास्त होती. झाड उन्हाळ्यात वाढतं हे खरं, पण हिवाळ्यात मेलंच तर वाढणार कुठून?

म्हणजे आपलं गणित चुकलं नाही. हवेची रेषा वर गेली, पण जवळजवळ निम्म्या ठिकाणी झाडांनी तिच्यामागे जायला नकार दिला. का, हे समजून घ्यायला आपल्याच हिमालयातलं एक झाड फार उपयोगी पडतं.

ते म्हणजे भोजपत्र. पांढुरक्या खोडाचं हे झाड हिमालयात ठिकठिकाणी अगदी वृक्षरेषेवरच वाढतं. त्याची साल कागदासारख्या पातळ पदरांनी सुटते आणि कागद येण्याआधी आपल्या देशात तिच्यावर ग्रंथ लिहीत. १८८१ साली पेशावरजवळच्या बक्षाली गावात शेतात खणताना एक गणिताची पोथी सापडली, तीही भोजपत्रावर लिहिलेली. तिच्यात शून्यासाठी टिंब वापरलं आहे. एवढ्या नाजूक सालीवर लिहिलेलं गणित शतकानुशतकं मातीखाली टिकलं!

भोजपत्र स्वतःच्या आत स्वतःची डायरीही लिहीत असतं. दरवर्षी खोडात एक वलय वाढतं. चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. ही डायरी वाचण्यासाठी झाड तोडावं लागत नाही. एक पोकळ गिरमिट खोडात फिरवत नेतात आणि पाचेक मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर काढतात. झाडाला फारशी इजा होत नाही. नेपाळमध्ये लांगटांगसारख्या भागातल्या भोजपत्रांच्या अशा कांड्या एर्युआन लिआंग, बिनोद दवाडी आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासल्या. वृक्षरेषेवरचं झाड म्हटल्यावर सगळ्यांना काय वाटेल? उबदार वर्षी वलय रुंद, थंड वर्षी अरुंद. पण भोजपत्राच्या डायरीत वेगळंच लिहिलेलं होतं. मार्च ते मे हे महिने कोरडे आणि गरम गेले की वलय अरुंद व्हायचं. कधीकधी तर त्या वर्षीचं वलयच नाही! हे झाड थंडीनं जितकं अडलेलं नव्हतं, तितकं तहानेनं अडलेलं होतं.

हिमालयात पाऊस मुख्यतः जूननंतर येतो, हे आठवलं की उलगडा होतो. थंडी सरते, भोजपत्राला पालवी फुटते, पाणी हवं असतं, आणि पावसाळा अजून लांब असतो. तोवर त्याचा आधार म्हणजे वितळणारं बर्फ. आता हवा तापली की बर्फ लवकर संपतं आणि माती लवकर सुकते. म्हणजे ज्या उबेनं झाडाला वर जाता आलं असतं, तीच ऊब त्याचं पाणी पळवते.

त्याच्या शेजाऱ्याचं मात्र तसं नाही. नेपाळच्याच मनास्लू भागात नारायण प्रसाद गैरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोजपत्र आणि फर नावाचं सूचिपर्णी झाड, दोन्ही एकत्र पाहिली. प्रत्येक झाडाचं वय काढलं आणि कोणतं कुठल्या उंचीवर रुजलं, ते मांडलं. फरची वरची हद्द १८५० पासून वर्षाला सरासरी अडीच मीटरच्या आसपास वर गेली होती. भोजपत्र तिथेच होतं. एकच डोंगर, एकच हवा, आणि एक जण चालतोय तर दुसरा थांबलाय.

खरसू ओकची अडचण तर आणखीच निराळी. त्याची फळं ऐन पावसाळ्यात पिकतात, गळतात आणि लगेच रुजतात. बी साठवून ठेवणं त्याला जमत नाही. हवा तापल्यामुळे फळं आधीच पिकून गळली आणि पाऊस आपल्या वेळेवर आला, तर मधल्या कोरड्या दिवसांत कोंब सुकून जाण्याची भीती. झाडाचं वेळापत्रक आणि पावसाचं वेळापत्रक जुळायलाच हवं.

बरं, बी योग्य वेळी पडलं, वर उडून गेलं, पाणीही मिळालं. तरी वर जागा रिकामी असते का? तुंगनाथला जंगलाच्या कडेला एक ठेंगणा, जांभळट फुलांचा बुरांश दाटीनं वाढतो. तिथे त्याला सेमरू म्हणतात. अशा दाट झुडपांत झाडाचं रोप सहजी वाढू शकत नाही. तिबेटच्या पठारावर लिआंग यांच्याच गटानं हे मोजलं. जिथे वर दाट झुडपं होती, तिथे ऊब वाढूनही झाडं फार हळू सरकली, आणि जिथे झुडपं विरळ होती तिथे लवकर.

आणि मग आहेत शेळ्या-मेंढ्या. हिमालयातले पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात कळप घेऊन बुग्यालात येतात. मेंढीला फरचं कोवळं रोप आणि गवत यांत काय फरक? त्यामुळे कितीतरी डोंगरांवर जंगलाची आज दिसणारी कड थंडीनं आखलेली नसून चराईनं खाली आणलेली आहे. आल्प्समध्ये उलटं झालं. तिथल्या कितीतरी गावांनी उंचावरची कुरणं सोडून दिली आणि त्या जागी जंगल वाढलं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, हवा तापली म्हणून झाडं वर आली. स्वित्झर्लंडमध्ये नीट तपासल्यावर दिसलं की बहुतेक ठिकाणी कारण गुरं गेली हे होतं. म्हणून एखाद्या डोंगरावर झाडं वर सरकलेली दिसली, तर लगेच तापमानाचं नाव घ्यायचं नाही. आधी तिथल्या मेंढपाळाला विचारायचं.

आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर तर वृक्षरेषा चक्क खाली आली आहे! हवा तापतेय आणि जंगल खाली? तिथे गेली काही दशकं हवामान कोरडं होत गेलं आणि वरच्या जंगलाला वारंवार वणवे लागले. आंद्रेआस हेम्प हे शास्त्रज्ञ तिथे वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांनी दाखवलं की जंगलाची वरची कड काहीशे मीटर खाली घसरली. किलिमांजारोच्या वितळत्या बर्फाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. हे जळालेलं जंगल मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण धुक्यातलं पाणी अडवून खालच्या झऱ्यांना देणारं ते जंगल होतं.

आता स्वीडनमधल्या एका म्हाताऱ्याची ओळख करून देतो. दलार्ना भागातल्या एका डोंगरावर, उघड्या माळावर, स्प्रूसचं एक झाड उभं आहे. उंची साधारण पाच मीटर. दिसायला अगदी साधं, थोडं हडकुळंच. लाइफ कुलमान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या खालच्या जुन्या मुळांचे अवशेष तपासायला दिले, तर वय निघालं सुमारे ९५५० वर्षं! कुलमान यांनी आपल्या कुत्र्याच्या नावावरून त्याला ओल्ड चिक्को असं नाव दिलं. वर दिसणारं खोड इतकं जुनं नाही. एक खोड मेलं की मुळातून दुसरं फुटतं, किंवा बर्फानं दाबलेली फांदी जमिनीला टेकून तिला मुळं येतात, आणि झाड पुढे चालू राहतं. हजारो वर्षं ओल्ड चिक्को झुडपासारखा जमिनीसरपट पसरून राहिला, कारण हिवाळ्यात बर्फाच्या वर डोकावणारी प्रत्येक फांदी वारा आणि हिमकण मारून टाकत. विसाव्या शतकात हवा उबदार झाली आणि त्यानं सरळ उभं खोड वाढवलं.

पाहा हं, हे झाड एक मीटरही सरकलं नाही. पण कालपर्यंत जे झुडूप होतं ते आज वृक्ष झालं. त्यामुळे वृक्षरेषा पाहताना नुसतं झाडं किती वर गेली हे विचारून भागत नाही. आहेत ती किती दाट झाली, किती उंच झाली, हेही पाहावं लागतं. रशियातल्या उरल पर्वतात स्तेपान शियातोव यांनी १९६०च्या दशकापासून ठरावीक जागी उभं राहून फोटो काढले आणि कित्येक वर्षांनी पुन्हा त्याच जागांवरून काढले. जिथे विरळ झाडं होती तिथे नंतर दाट जंगल दिसतं.

झाडं वाढली तर चांगलंच की, असं तुम्हाला वाटत असेल. खालच्या उतारांवर असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण बुग्यालातही कुणीतरी राहतं. कुटकी, अतीस, जटामांसी या औषधी वनस्पती तिथल्या, ब्रह्मकमळ त्याहून वरचं. भरल नावाचे निळसर करडे जंगली मेंढे तिथल्या गवतावर जगतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या असतो. उघड्या कड्यांवरून टेहळणी करत शिकार करणारा हा प्राणी दाट जंगलात राहत नाही. जंगल वर सरकलं की या सगळ्यांना आणखी वर जावं लागतं, आणि डोंगर तर वर निमुळता होत जातो! जागा कमी, गवत कमी, मग एके ठिकाणी शिखर संपतं. २०१२ साली शास्त्रज्ञांनी एक अंदाज मांडला की हरितगृह वायूंचं प्रमाण असंच वाढत गेलं आणि वृक्षरेषा तापमानाबरोबर वर गेली, तर हिमालयातला हिमबिबट्याचा सुमारे ३० टक्के अधिवास हातचा जाऊ शकतो. झाडं खरंच तेवढी वर जातील का, हाच तर आपण पाहत असलेला प्रश्न. भोजपत्र तहानलेलं असेल तर नाहीही जाणार. पण म्हणून हिमबिबट्याची काळजी भोजपत्राच्या तहानेवर सोपवून कसं चालेल?

कारण भोजपत्रही अडचणीतच आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना ३८०० मीटरच्या सुमाराला भोजबासा लागतं. भोजपत्रांमुळेच या जागेला हे नाव मिळालं, पण तिथली झाडं यात्रेकरूंच्या चुलींसाठी तुटत गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट, ज्यांनी १९८१ मध्ये नंदादेवी शिखर सर केलं होतं, त्यांनी १९९०च्या दशकात तिथे भोजपत्राची रोपं लावायला घेतली. एवढ्या उंचीवर रोप लावायचं, जनावरांपासून राखायचं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या मागे राहायचं, म्हणजे शिखर चढण्याइतकंच चिकाटीचं काम!

तुम्ही कधी तुंगनाथला गेलात, तर शेवटच्या मोठ्या झाडापाशी जरा थांबा आणि वाटेवरूनच वरच्या गवतात नीट पाहा. वृक्षरेषेचं पुढे काय होणार, याचा अंदाज मोठ्या झाडांपेक्षा पोटरीएवढ्या रोपांवरून जास्त येतो. फरचं रोप दिसलं तर त्याचं वय सांगणं सोपं आहे. ते साधारणपणे वर्षाला फांद्यांचा एक घेर वाढवतं. शेंड्यापासून खाली घेर मोजत या. आठ घेर भरले तर त्या रोपानं आठेक हिवाळे काढले आहेत. आणि जवळपास वेगवेगळ्या उंचीची अशी पुष्कळ रोपं असतील, कुणी चार घेरांचं, कुणी बाराचं, तर समजा की इथे एखाद्याच भाग्यवान वर्षी नाही, तर दरवर्षी नवी झाडं रुजत आहेत. वहीत तारीख लिहा, उंची लिहा, घेर लिहा. आकाशातल्या उपग्रहाला एवढी लहान रोपं दिसत नाहीत. ती मोजायला माणसालाच तिथवर चढून जावं लागतं.